अमृतमहोत्सवाआधी दप्तर उघडा: कंपनीची गोष्ट जुन्या कागदांतून कशी उभी करावी

कंपनीला पन्नास किंवा पंचाहत्तर वर्षे होत आली की स्मरणिकेचे काम निघते. त्यात हमखास एक वाक्य असते: ‘एका छोट्याशा शेडमध्ये लावलेल्या रोपट्याचा आज वटवृक्ष झाला आहे.’ या वाक्यात कंपनीचे नाव बदलले तरी काही फरक पडत नाही, आणि अडचण तीच आहे. शेड किती फुटांची होती, भाडे किती होते, पहिले लेथ नवे घेतले की जुने, पहिली मोठी ऑर्डर कुणी दिली आणि तिचे पैसे किती महिन्यांनी मिळाले, हे सगळे कंपनीच्याच माळ्यावर, गोदामात किंवा अकाउंट्सच्या लोखंडी कपाटात पडलेले असते. ते वाचायला कुणाला वेळ दिलेला नसतो.

आधी दप्तर, म्हणजे कंपनीचे जुने कागद, फोटो आणि वस्तू, लावायचे, मग गोष्ट लिहायची. उलट केले की आधी ठरलेल्या गोष्टीला शोभतील एवढेच कागद शोधले जातात आणि उरलेले रद्दीत जातात. मुख्य कार्यक्रमाच्या किमान अठरा महिने आधी काम सुरू करावे. त्यातला निम्म्याहून अधिक वेळ कागद शोधण्यात, लावण्यात आणि वाचण्यातच जाणार हे व्यवस्थापनाला पहिल्याच बैठकीत सांगून ठेवावे.

पहिले काम: रद्दी थांबवा

कामाची सुरुवात एका परिपत्रकाने होते. त्यावर सर्वोच्च अधिकाऱ्याची सही हवी आणि मजकूर साधा हवा: अमुक वर्षाआधीचा कोणताही कागद, फोटो, ड्रॉइंग, नमुना किंवा फलक लेखी परवानगीशिवाय टाकू नये, विकू नये, जाळू नये. हे झाले नाही तर हमखास काय होते? महोत्सवासाठी रंगरंगोटी निघते, जुने गोदाम रिकामे होते आणि ज्यासाठी सगळे चालले आहे तेच ट्रकमधून निघून जाते.

कायद्याचा आधार इथे पुरत नाही. कंपनी कायदा, २०१३ नुसार हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. सभांची इतिवृत्ते कायमची ठेवायची असतात. म्हणजे आठ वर्षांपूर्वीची खतावणी (खातेवार हिशेबाची वही), पावतीपुस्तके, डिलिव्हरी चलने टाकायला या कायद्यानुसार अकाउंट्स विभागाला सहसा मुभा असते, आणि कंपनीचे रोजचे जगणे नेमके त्याच कागदांत असते.

मग शोध. कागद कंपनीच्या आवारातच असतात असे समजू नका. ऑडिटरच्या कचेरीत जुने ताळेबंद असतात. गावातल्या फोटो स्टुडिओत उद्घाटनाच्या निगेटिव्ह असतात. छापखान्यात कॅटलॉगच्या प्रती, जुन्या डीलरच्या दुकानात पत्र्याचे फलक, निवृत्त फोरमनच्या घरी ओळखपत्र, पगाराचे पाकीट आणि सहलीचे फोटो मिळतात. ज्या वस्तू कंपनीने कधीच जपल्या नाहीत त्या माणसांनी स्वतःच्या ट्रंकेत जपलेल्या असतात. त्या घेताना पावती द्या: कुणाकडून, काय, किती नग, कायमचे की स्कॅन करून परत, परतीची तारीख. तोंडी भरवशावर फोटो घेऊ नका.

यादी, आणि मूळ क्रम

सापडलेला गठ्ठा उचलण्याआधी तो आहे तिथे, आहे तसा, मोबाइलवर टिपा. कपाटावर चिकटवलेली चिठ्ठी, फायलींचा क्रम, कोणत्या विभागाच्या खोलीत होते, हे सगळे फोटोत येऊ द्या.

नवशिक्यांकडून सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे सगळे कागद बाहेर काढून वर्षवार लावणे. दिसायला ते व्यवस्थित दिसते, पण त्यात माहिती मरते. खरेदी विभागाच्या एका फायलीत कोटेशन, त्यावरचा इंजिनिअरचा शेरा, नाकारल्याचे पत्र आणि दुसऱ्या पुरवठादाराची ऑर्डर एकामागे एक असतील, तर निर्णय कसा झाला ते कळते. वर्षवार पांगवल्यावर चार सुटे कागद उरतात. म्हणून कागद ज्या विभागाचे त्या विभागाखाली, ज्या क्रमाने सापडले त्याच क्रमाने ठेवायचे. वर्षवार शोधायचे काम संगणकावरची यादी करते, त्यासाठी कागद हलवावे लागत नाहीत.

यादीला साध्या स्प्रेडशीटमधले आठ रकाने पुरतात: खोक्याचा क्रमांक, कुठे सापडले, विभाग, कागदाचा प्रकार, पहिले व शेवटचे वर्ष, भाषा व लिपी, अवस्था, शेरा. पहिल्या फेरीत खोक्याखोक्याची नोंद करा, सुट्या कागदाची नको. प्रत्येक कागद नोंदवायला बसलात तर तिसऱ्या खोक्यातच वर्ष संपते. दुसऱ्या फेरीत फक्त मोलाच्या फायली निवडून आतली यादी करा. क्रमांक छोटा आणि न बदलणारा ठेवा, उदाहरणार्थ ‘उत्पा/०३/०१७’, म्हणजे उत्पादन विभाग, तिसरे खोके, सतरावी फाइल. तो मऊ पेन्सिलीने मागच्या बाजूला कोपऱ्यात लिहा. पेन, मार्कर किंवा चिकटणारे लेबल मूळ कागदावर कधीही नको.

ओल, साफसफाई आणि सेलोटेप

आपल्याकडच्या हवेत कागदाचा मोठा शत्रू ओल. तळघर आणि तळमजला टाळा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. या भागांत तळमजल्यावर ठेवलेले दप्तर म्हणजे पुढच्या पुरात गेलेले दप्तर. पहिला मजला किंवा त्याच्या वर, वरून पाण्याची टाकी वा नळ जात नाही अशी, आणि पश्चिमेच्या भिंतीला कपाट टेकलेले नाही अशी खोली निवडा. रॅक लोखंडी, जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर.

तापमान २० ते २५ अंश आणि आर्द्रता ४५ ते ५५ टक्के जमली तर उत्तम. नाही जमली तरी एक पथ्य पाळा: दिवसा एसी आणि रात्री बंद, असे करू नका. त्या चढउताराने कागद रोज फुगतो आणि आकसतो, आणि एसी बंद झाल्यावर ओल धरते. अशा एसीपेक्षा पंखा, वायुवीजन आणि पावसाळ्यात सतत चालणारा डीह्युमिडिफायर चांगला.

साफसफाईला मऊ ब्रश, एन-९५ मास्क आणि सुती हातमोजे. फोटो व निगेटिव्हसाठी नायट्रिल हातमोजे. गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल ओढून काढू नका, पाते सरकवून सैल करून काढा. रबरबँड, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सेलोटेप काढून टाका, मात्र मजकुरावर चिकटलेला सेलोटेप तज्ज्ञाशिवाय उचलू नका. लॅमिनेशनचा मोह प्रत्येक कंपनीत होतो, विशेषतः संस्थापकांच्या पत्राबाबत. उष्णतेने चिकटवलेले प्लॅस्टिक पुन्हा निघत नाही आणि आतले आम्ल कागदाला खात राहते. त्या पत्राला आम्लमुक्त कागदाचे पाकीट द्या आणि फ्रेममध्ये त्याची छापील प्रत लावा.

कागद भिजलेच तर पहिले ४८ तास मोलाचे, त्यानंतर बुरशी धरते. उन्हात वाळवू नका. चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. थोडे असतील तर शोषकागद घालून पंख्याखाली सुकवा. जास्त असतील तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून शीतगृहात गोठवा आणि सवडीने तज्ज्ञाकडून सुकवून घ्या.

स्कॅन: किती, कसे, कुठे

छापील आणि टंकलिखित कागद ३०० डीपीआय (एका इंचातले ठिपके), हस्तलिखित व मोडी लिपीतले ४००, फोटोचे प्रिंट ६००, ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्ह ३००० च्या पुढे. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची प्रत जेपेगमध्ये. जागेचा अंदाज आधीच बांधा: ए-४ पान रंगीत ३०० डीपीआयला सुमारे २६ एमबी होते, म्हणजे हजार पानांना २६ जीबी. सहा बाय आठ इंचाचा फोटो ६०० डीपीआयला जवळपास ५२ एमबी. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या गावात. फाइलला नाव म्हणून खोक्याचाच क्रमांक द्या; ‘जुना फोटो फायनल २’ असल्या नावाची फाइल सहा महिन्यांनी कुणालाच सापडत नाही.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, तारीख, घाईत लिहिलेली नावे तिथेच असतात.

सगळे स्कॅन करायची गरज नसते. तीस वर्षांची डिलिव्हरी चलने असतील तर पहिले वर्ष, संपाचे वर्ष आणि नवे उत्पादन आले ते वर्ष पुरे. बाकीची खोक्यात नीट ठेवा.

कागद वाचायला शिकणे

इथे घाई केली की चुका थेट भिंतीवर, मोठ्या अक्षरात लागतात.

तारखा आधी घ्या. जुन्या पेढ्यांचे हिशेबी वर्ष दिवाळी पाडव्याला सुरू व्हायचे आणि वहीवर विक्रम संवत असायचा. संवत २००७ म्हणजे दिवाळी १९५० ते दिवाळी १९५१. शके असेल तर चैत्र ते डिसेंबरअखेर ७८ मिळवायचे आणि जानेवारी ते फाल्गुन ७९. सरसकट एकच आकडा मिळवला की एखादा उद्घाटन समारंभ वर्षभर आधी सरकतो.

रक्कम ‘३-८-०’ अशी दिसली तर ती तीन रुपये आठ आणे, म्हणजे साडेतीन रुपये. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. मण लिहिलेला असेल तर कुठला मण ते पाहा. मुंबईचा मण २८ पौंडांचा, सुमारे १२.७ किलो, तर सरकारी मण सुमारे ३७.३ किलो. उत्पादनाचा आकडा तिपटीने चुकवणारी ही गोष्ट आहे. आणि जुन्या रकमा आजच्या रुपयांत फिरवून सांगण्यापेक्षा त्याच वहीतली तुलना द्या: यंत्राची किंमत त्या वर्षीच्या किती फिटरांच्या महिन्याच्या पगाराइतकी होती? वाचकाला ते लगेच कळते.

किर्द (रोजच्या व्यवहारांची वही) आणि खतावणी मोडीत असेल तर जाणकार गाठा. पुण्यात आणि इतरत्र मोडीचे वर्ग चालतात, लिप्यंतर करून देणारेही मिळतात. मात्र जाणकाराला हिशेबी मोडीचा सराव आहे का ते विचारा; दरबारी पत्रे वाचणाऱ्याला व्यापारी संक्षेप अडतात.

तारीख नसलेल्या फोटोचा काळ आतल्या खुणांवरून बांधता येतो. लेटरहेडवर पिन कोड असेल तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचे. गाडीच्या पाटीवर एमएच आणि मागे दोन आकडी क्रमांक असेल तर १९८९ नंतरचे. कारखान्याच्या पाटीवर ‘मुंबई राज्य’ असेल तर १ मे १९६० च्या आधीचे. शिवाय यंत्रावरची नावपट्टी, भिंतीवरचे कॅलेंडर, इमारतीचा वाढलेला भाग. अशा दोन खुणा जुळल्या तर ‘१९६० ते १९७२ च्या दरम्यान’ असे लिहा. नेमके वर्ष ठोकून देऊ नका.

आठवणींच्या मुलाखती

निवृत्त कामगारांकडे आधी जा, संचालकांकडे नंतर. संचालकांची गोष्ट बहुधा सांगून सांगून गुळगुळीत झालेली असते. बसण्याचा वेळ तास-सव्वा तास, त्याहून जास्त नको. पुन्हा जायला हरकत नाही. सोबत दहा-बारा फोटो न्या. ‘तुमचा कंपनीतला अनुभव सांगा’ असे विचारले की सत्कारातले भाषण मिळते. ‘काका, सकाळी गेटातून आत आल्यावर आधी कुठे जायचात?’, ‘भट्टी विझली तर कुणाला हाक मारायची?’, ‘या फोटोत तुमच्या डाव्या हाताला कोण आहे?’ असे विचारले की काम दिसू लागते. महिला कामगारांशी बोलताना घरच्यांसमोर पहिली मुलाखत, मग जमल्यास स्वतंत्र दुसरी. दोन्हींत फरक पडतो.

आवाज वेव्ह स्वरूपात घ्या, पंखा बंद करा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एका तासाचा आवाज कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात, ते वेळापत्रकात धरा. परवानगी लेखी हवी आणि तिच्यात वापर स्पष्ट हवा: फक्त संशोधनासाठी, पुस्तकासाठी, की जाहिरातीसाठीही. मराठीत लिहिलेली, वाचून दाखवलेली परवानगी. इंग्रजी करारावर घेतलेला अंगठा हा माणसाचा अवमान आहे.

गोष्ट कुठे असते

आता लिहिणे. तीन रकान्यांचा तक्ता करा: विधान, पुरावा (खोक्याच्या क्रमांकासह), खात्री. स्मरणिकेतले, फिल्ममधले, भिंतीवरचे प्रत्येक वाक्य या तक्त्यात बसले पाहिजे. ‘देशातले पहिले’, ‘आशियातले सर्वांत मोठे’ अशा विधानांना कंपनीबाहेरचा, त्या काळातला पुरावा हवा. कंपनीची जुनी जाहिरात हा पुरावा नव्हे. कंपनी तेव्हा काय म्हणत होती एवढेच ती सांगते. पुरावा नसेल तर ‘आमच्या माहितीत पहिले’ असे गुळमुळीत लिहू नका, वाक्य काढा.

गोष्ट बहुधा अडचणीत असते, यशाच्या आकड्यात नसते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी गोदरेजने विक्रोळीत बारा लाखांहून अधिक पोलादी मतपेट्या बनवल्या. हा आकडा मोठा आहे, पण लक्षात राहते ती पेटीची कडी. बाहेरून कुलूप लावायचे तर खर्च वाढत होता, म्हणून आतूनच बंद होणारी रचना करावी लागली. किंमत, मुदत आणि लोखंडाचा पत्रा यांच्या कचाट्यात सापडलेल्या कारखान्याने काय केले, हे वाचणाऱ्याला कळते. असे तपशील हाती यायला कुणीतरी आधी जपणूक केलेली असावी लागते. गोदरेजचे अभिलेखागार २००६ पासून, टाटांचे पुण्यातले मध्यवर्ती अभिलेखागार १९९१ पासून हेच काम करते.

किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहे: लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर विकायला फार वेळ लागला. तुमच्या कंपनीतही अशी एक दंतकथा असणारच. तिला खोटी म्हणू नका आणि तशीच छापूही नका. तिला कोणते कागद आधार देऊ शकतील ते विचारा. विक्रीची वही, परत आलेल्या मालाची नोंद, तक्रारीची पत्रे, एजंटांचे दौऱ्याचे अहवाल, बदललेली ड्रॉइंग. ड्रॉइंगवरचा फेरबदलाचा रकाना आवर्जून पाहा. फाळाचा कोन कधी बदलला आणि बाजूला कोणाची सही आहे, यात शेतकऱ्याने कारखान्याला शिकवल्याचा पुरावा सापडू शकतो. दंतकथेपेक्षा ते कितीतरी मोलाचे.

कंपनीची गृहपत्रिका (कंपनीने स्वतः काढलेले नियतकालिक) असेल तर तिचे सगळे अंक वाचा, लग्न-बारशाच्या बातम्यांसकट. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ मालाच्या माहितीपासून सुरू झाली आणि पुढे मराठीतले महत्त्वाचे मासिक ठरली. कारखान्याचे पत्रक किती दूर जाऊ शकते याचे हे उदाहरण. मात्र गृहपत्रिका व्यवस्थापनाची असते. त्याच महिन्याचे युनियनचे पत्रक शेजारी ठेवून वाचा.

आणि संप टाळू नका. मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यातल्या कंपनीने १९८२ चे वर्ष गाळून इतिहास लिहिला तर वाचणारा पहिल्यांदा तेच शोधतो. अपघात, बंद पडलेले उत्पादन, परत बोलावलेला माल, विकावा लागलेला विभाग यांबद्दल काय झाले, किती दिवस चालले, कशावर मिटले आणि नंतर काय बदलले, एवढे चार वाक्यांत लिहा. कुणाची चूक ते ठरवायला बसू नका आणि ‘आव्हानात्मक काळ’ असे झाकणही घालू नका. हा मजकूर कायदा विभागाला शेवटी नको, पहिल्या खर्ड्यालाच दाखवा. शेवटच्या आठवड्यात दाखवला तर तो सरसकट उडवला जातो.

हक्क

कंपनीने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार कंपनीचा असतो. कर्मचाऱ्याने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचाही. पण बाहेरच्या स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्या जाहिरातीच्या मजकुराला फोटोचा हा नियम लागू होत नाही, तिथे लेखी हस्तांतरण लागते. वृत्तपत्रातले कात्रण फायलीत आहे म्हणून ते छापण्याचा हक्क मिळत नाही. सेवापुस्तके, वैद्यकीय नोंदी, शिस्तभंगाच्या फायली यांतले काहीही नावासकट बाहेर जाता कामा नये.

फोटोओळी

लोक स्मरणिकेतले लेख वाचोत न वाचोत, फोटोओळी वाचतात. प्रत्येक ओळीत फोटोत काय चालले आहे, कोण, कुठे, केव्हा आणि खोक्याचा क्रमांक एवढे हवेच. ‘मान्यवरांसमवेत संस्थापक’ असे लिहून मागच्या रांगेतल्या चौदा कामगारांना बेनाव ठेवू नका. तो फोटो मोठा छापून कारखान्याच्या कँटीनमध्ये दोन आठवडे टांगा, शेजारी दोरीला पेन्सिल बांधा, आणि डोक्यांवर क्रमांक घातलेला कोरा नकाशा ठेवा. नावे येतात. एकाच डोक्याला दोन नावे आली तर दोन्ही नोंदवा आणि मस्टरवरून (हजेरीपटावरून) पडताळा.

कडा कापू नका, कारण खुणा कडेलाच असतात. कृष्णधवल फोटो संगणकाने रंगवला असेल तर तसे ओळीत लिहा. गणवेशाचा निळा रंग हा संगणकाचा अंदाज असतो, आणि तो घातलेला माणूस अजून हयात असेल तर तो खाकी होता हे त्याला ठाऊक असते.

कार्यक्रम झाल्यावर तक्ता, स्कॅन आणि मुलाखती जाहिरात संस्थेच्या संगणकावर राहू देऊ नका. करारातच परतीची तारीख घाला. उसने घेतलेले फोटो महिन्याभरात, स्मरणिकेच्या एका प्रतीसह, घरी जाऊन परत करा आणि पावतीवर ‘परत मिळाले’ अशी सही घ्या. त्या भेटीत ट्रंकेतून आणखी एक पाकीट निघते, म्हणून कोरे पावतीपुस्तक बरोबर ठेवा.